तीनची फेरी

खडीच्या रस्त्यावरचा बर्फ मुळापासून काढायचा नसतो. खाली दोन बोटांचा थर ठेवायचा. नाहीतर पातं बर्फाबरोबर खडीही ओढून नेतं, आणि उन्हाळ्यात ती गवतातून वेचायला आपणच असतो. हे मला बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं. दुसरी गोष्ट सांगितली ती फेऱ्यांची. सकाळी आठला एक, दुपारी तीनला एक. सकाळची चुकली तर पाहुणे खोळंबतात, एवढंच. तीनची चुकली तर दुसऱ्या दिवशी रस्ता नसतो, काच असते.

बाई म्हणजे त्या लॉजच्या मालकीण. सत्तरी उलटलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नावाने हाक मार, असं त्यांनी मला दहा वेळा सांगितलं असेल. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळली नाही. मी त्यांना बॉस म्हणायचो. त्या मला मेट म्हणायच्या, म्हणजे इथल्या बोलीत दोस्त.

लॉज डोंगरात, मेलबर्नहून चार तासांवर. मोठ्या रस्त्यापासून लॉजपर्यंत सहाशे पावलांचा ड्राइव्हवे, दोन वळणांचा, एका अंगाला उतार. ऑस्ट्रेलियात बर्फ पडतो हे गावाकडे कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं. पडतो, आणि ओला पडतो. दुपारी त्याचा चिखल होतो, गाड्यांची चाकं तो दाबून घट्ट करतात, आणि तीनच्या सुमाराला ऊन डोंगराआड गेलं की तो चिखल आहे त्या आकारात गोठायला लागतो. म्हणून तीनची फेरी. मऊ आहे तोवर ढकलून उताराच्या बाजूला टाकायचा.

माझ्याकडे एक छोटा ट्रॅक्टर होता, पुढे बकेट, मागे पातं, चाकांना चेन. आपल्याकडे द्राक्षबागेत चालतात तेवढाच. मी या देशात आलो तो बायकोच्या व्हिसाच्या कागदाला जोडलेला कागद म्हणून. ती नर्स, खालच्या गावातल्या हॉस्पिटलात. मी नववी सोडलेला. कुठेही कामाला गेलो की पहिला प्रश्न सर्टिफिकेटचा. बाईंनी तेवढंच विचारलं, ट्रॅक्टर येतो का? मी वर चढलो आणि मागचं पातं लावलेला ट्रॅक्टर एका दमात उलटा शेडमध्ये घातला. बाई म्हणाल्या, "सोमवारी ये." शाळेचं काही विचारलं नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. राहिलोच आहे.

माझा धाकटा भाऊ मेलबर्नच्या कडेला टार्निटला राहतो, आयटीत आहे. माझे आणि बायकोचे व्हिसाचे सगळे फॉर्म त्याने भरले, पहिले पाच महिने आम्हाला घरात ठेवून घेतलं, रोज स्टेशनवर सोडलं. त्याचे उपकार मी नाकारत नाही. आई सगळ्यांना सांगते की थोरल्याने धाकट्याच्या शिक्षणासाठी शाळा सोडली. खरं असं की मला शाळेत जमत नव्हतं आणि ट्रॅक्टरच्या गॅरेजात जमत होतं. पण घरात आईची गोष्ट चालली. भाऊ त्या गोष्टीचं ओझं घेऊन मोठा झाला आणि मी तिचा मोठेपणा घेऊन. दोघांपैकी एकानेही ती कधी दुरुस्त केली नाही.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, ऑगस्टात, भाऊ मित्रांना घेऊन लॉजवर आला. चार कुटुंबं, सगळी पुण्या-मुंबईची. येण्याआधी फोनवर म्हणाला, दादा, मी सगळ्यांना सांगितलंय तू तिथलं बघतोस म्हणून. मी म्हटलं, बरं. बघतोच की.

शनिवारी दुपारी बाराला गाड्या आल्या. सकाळची फेरी मी नेहमीपेक्षा निगुतीने मारली होती, कडेच्या नारिंगी टोकाच्या काठ्या सरळ केल्या होत्या. पहिल्या गाडीतून उतरलेल्या उंच माणसाने हात पुढे केला आणि म्हणाला, "तुम्हीच ना इथले मॅनेजर? तुमचा भाऊ सारखा तुमचंच सांगत असतो."

मी भावाकडे बघितलं. तो टायरमध्ये अडकलेला बर्फ बुटाने पाडत होता.

मी म्हटलं, "हो, बघतो इथलं."

त्यात तसं खोटं काय होतं? पण तेवढ्याने माझे हात कुठे ठेवावे ते मला कळेना. ग्रीसचे होते. खिशात घातले.

बाईंचं त्या दिवशी स्वयंपाकघरातच काम होतं, त्या पुढे आल्या नाहीत. मंडळींनी डबे उघडले, चिवडा, पराठे. मला बळेच बसवलं. उंच गृहस्थ विचारत होते, सीझनला किती स्टाफ असतो, बुकिंग कोण बघतं. मी तोंडात घास ठेवून मान हलवत होतो. भाऊ मध्येच विषय बदलायचा. त्याला घाम फुटला होता, हीटर लांब असून.

पावणेतीनला मी उठलो. सगळी मंडळी तोवर ड्राइव्हवेवर उतरली होती. पोरं बर्फाचा माणूस करत होती आणि मोठी माणसं पोरांचे फोटो काढत होती. शेडचं दार उघडं, आत ट्रॅक्टर दिसत होता. उंच गृहस्थांची बायको मला म्हणाली, "दादा, तो ट्रॅक्टरवाला माणूस कधी येतो हो? पोरांना त्याच्याबरोबर फोटो काढायचाय."

शेजारचा कोणीतरी म्हणाला की ट्रॅक्टरवाला दादांना घाबरून लपला असेल. सगळे हसले. भाऊ माझ्यापासून चार हातांवर उभा होता. त्याने एवढंच म्हणायचं होतं की दादाच चालवतो. किंवा मी म्हणायचं होतं. मी वाट बघितली. तोही बघत असावा.

मी म्हटलं, "त्याची आज सुट्टी आहे."

आणि जाऊन शेडचं दार लावलं.

मनाशी हिशेब केला की साडेतीनला ही माणसं थंडीने आत जातील, मग मारू. साडेतीनला गेली नाहीत. दोन गाड्या खालच्या दुकानात सामान आणायला गेल्या आणि आल्या, सगळा चिखल दाबून गेल्या. चारला आत गेली तेव्हा मलाही चहाला घेऊन गेली. बैठकीच्या खोलीला ड्राइव्हवेकडे तोंड करून भिंतभर काच आहे. त्या काचेसमोर मी मॅनेजर म्हणून कप घेऊन बसलो आणि बाहेर रस्ता पांढऱ्याचा करडा होताना बघत राहिलो. पाचला काहीतरी निमित्त काढून मी फावडं घेऊन उतरलो. फावड्याचं टोक आत जाईना, नुसतं वाजलं. दाराजवळ, दिसेल तेवढ्यात, दोन घमेली वाळू टाकली आणि परत आलो.

बाई रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायच्या. सकाळी सातला त्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन खालच्या फाटकापर्यंत चालत जायच्या, 'रस्ता उघडा आहे' ही पाटी फिरवायला. मी म्हणायचो, मी फिरवतो. त्या म्हणायच्या, मग कुत्रा आणि मी काय करायचं? मागच्या दाराला खिळ्यावर त्यांचे खिळेवाले रबरी पट्टे लटकलेले असायचे, बुटांवर चढवायचे. वाकून ते चढवताना त्यांची कंबर दुखायची, म्हणून फेरी झालेली असेल तर त्या ते घालायच्या नाहीत.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून, कांदा चिरता चिरता, त्यांनी विचारलं, "तीनची झाली ना?"

मागे बैठकीत उंच गृहस्थ बसले होते. त्यांना ऐकू गेलं असतं. बाई इंग्रजीत विचारत होत्या, आणि इंग्रजी तर सगळ्यांनाच कळतं.

मी म्हटलं, "डन, बॉस."

"नो वरीज," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कांद्याकडे वळल्या.

पाहुणे असले की मी लॉजच्या मागच्या खोलीतच झोपायचो. ठरवलं होतं की सकाळी साडेसहाला उठून वळणांवर वाळू टाकायची, बाई निघायच्या आत. उठलोही. बुटाच्या नाड्या बांधत होतो तर एक गृहस्थ व्हरांड्यात टॉवेल गुंडाळून, अंगावर जाकीट, कुडकुडत. म्हणाले, मॅनेजरसाहेब, नळाला गरम पाणी नाही हो. चेष्टेत म्हणाले, वाईट नव्हते. मला म्हणता आलं असतं, दहा मिनिटं थांबा. मी म्हणालो नाही. मॅनेजर होतो ना. मागे जाऊन गॅसची बाटली बदलत असताना कुत्रा भुंकायला लागला. तो कुत्रा भुंकणाऱ्यातला नव्हता.

बाई दुसऱ्या वळणावर पडल्या होत्या, कुशीवर. एक पाय नको तसा वळलेला. पट्टे नव्हते. मी पोचलो तेव्हा त्यांनी मला पहिलं काय म्हटलं असेल? म्हणाल्या, "सावकाश ये, मेट. इथे घसरतंय."

त्यांच्यावर ब्लँकेटं घातली, उंच गृहस्थांच्या बायकोने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी फोनवर विचारलं, रस्ता कसा आहे? मी म्हटलं, अर्धा तास द्या. मग शेडचं दार उघडलं आणि ट्रॅक्टर काढला. बकेटमध्ये वाळू भरायची, खाली जायचं, ओतायची, उलटं वर यायचं. चेन त्या बर्फाच्या काचेवर कड कड वाजत होती. सगळी मंडळी बघत उभी होती. कोणीतरी हळू म्हणालं, अरे, दादाच चालवतात. भाऊ मात्र मधूनच उतरला, हातमोजे न घालता फावडं घेतलं आणि ट्रॅक्टरमागे वाळू पसरत चालत राहिला. वर बघितलं नाही. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती, हे मला नंतर भावजयीने सांगितलं.

त्याच दुपारी मंडळी निघाली. गाडीत बसायच्या आधी भाऊ मला शेडमागे घेऊन गेला. म्हणाला, "दादा, मी तुला ट्रॅक्टर चालवू नको असं कधी म्हटलं होतं?"

नव्हतंच म्हटलं. मी म्हटलं, "तू मला मॅनेजर का केलंस?"

त्याने बुटाने शेडच्या कडेची खडी उकरली. मग म्हणाला, "माझ्यासाठी शाळा सोडलेला माणूस ट्रॅक्टर चालवतो, हे मला लोकांसमोर बोलवत नाही."

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं की शाळा मी तुझ्यासाठी सोडली नव्हती. नाही सांगितलं. इतक्या वर्षांचं एवढंच तर होतं माझ्याकडे.

बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. माझ्या बायकोच्याच हॉस्पिटलात होत्या, नंतर मोठ्या गावी हलवल्या. त्यांची मुलगी सिडनीहून आली, तिथल्या वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. कडक बाई. आईच्या पलंगाशी उभी राहून तिने मला सरळ विचारलं की आदल्या दिवशी रस्ता साफ केला होता का. माझं तोंड उघडलं होतं. मी खरं सांगणार होतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण बाई आधी बोलल्या. डोळे मिटलेले होते.

"केला होता. मी विचारलं होतं त्याला. बर्फ आहे, डार्लिंग, बर्फाला काय कळतं."

मुलीने माझी माफी मागितली. मी म्हटलं, नो वरीज.

मी बायकोलाही सांगितलं नाही. तिने बाईंचं ड्रेसिंग बदललं, त्यांना आधार देऊन पहिली चार पावलं चालवली, आणि घरी येऊन सांगायची की त्या तुझं किती चांगलं बोलतात. माझी पोळी ताटात तशीच राहायची.

बाई पुन्हा लॉजवर राहायला आल्या नाहीत. मुलीने वसंतात लॉज विकलं. नव्या मालकांकडे त्यांचा माणूस होता. कुत्रा मला देऊ केला होता, मी नको म्हटलं. बाईंनी जायच्या आधी माझ्यासाठी हाताने एक पत्र लिहिलं, पुढच्या कामाला उपयोगी पडेल म्हणून. त्यांचं जोडून लिहिलेलं इंग्रजी अक्षर मला लागत नाही. मी पाकीट तसंच ठेवलं.

खालच्या गावात शायरच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, डेपोत ट्रॅक्टरवर माणूस हवा होता. फॉर्म भरायचा म्हणजे टार्निट. भावाने लॅपटॉप उघडला, नेहमीसारखं सगळं भरलं. शिक्षणाच्या रकान्याशी थांबला, मग 'नववी' लिहिलं. मग म्हणाला, रेफरन्स? मी पाकीट दिलं.

त्याने वाचायला सुरुवात केली, एक एक वाक्य, माझ्यासाठी मराठीत. कामाला चोख आहे. यंत्राला जीव लावतो. कमी बोलतो. मग तो थांबला. आत भावजय कुकर लावत होती. मी म्हटलं, वाच की.

"दोन हिवाळे माझ्याकडे होता," तो वाचत होता, "आणि तीनची फेरी त्याने एकदाही चुकवली नाही."

कागद त्याच्या हातात होता आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं. त्या दुपारी शेडचं दार लागताना तो चार हातांवर उभा होता. मला वाटलं तो म्हणेल, हे नको लावूया. किंवा मी म्हणेन.

"स्कॅन करून जोडतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हं."

नोकरी लागली. या डेपोत दुपारची फेरी चारला असते. मी तीनलाच निघतो. सोबतचे म्हणतात, अजून तास आहे मेट, चहा पी. मी ट्रॅक्टर सुरू करतो.