शुद्धीतला दात

कवळ्या करायचा म्हणून त्याला सगळे कवळीवालाच म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. पंचवीस वर्षं त्याने लोकांची बोळकी भरली. मध्ये पाठ धरली म्हणून कुणा डॉक्टरने गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. चांगल्या चार वर्षं राहिल्या. मग व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात दोन महिने काढले आणि त्यानंतरचे चौदा महिने एकही गोळी नाही.

तिथून निघताना डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि बायकोला समोर बसवून समजावलं होतं. "ताण आला की सगळ्यांच्याच मेंदूत एक रसायन सुटतं. धोका आहे, काहीतरी कर, असं ते सांगतं. यांची ती धोक्याची घंटा गोळ्यांनी बिघडवून ठेवलीय. जरा खुट्ट झालं तरी वाजणार, आणि वाजली की मेंदूला एकच उपाय आठवणार. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो ना, तसं झालंय. यात मनाचा कमकुवतपणा नाही हो. ताण तर येणारच, तो कुणाला चुकलाय? आला की लपवायचा नाही, बोलायचं."

बायकोने यातलं पहिलं अर्धंच ऐकलं. ताण नको, एवढीच तिने खूणगाठ बांधली. जीव लावणारी माणसं अर्धंच ऐकतात, त्याला इलाज नाही. घरात कायदाच झाला, ह्यांना काही कळता कामा नये. मुलगी नापास झाली, त्याला कळलं नाही. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, कळलं नाही. तो खोलीत शिरला की बोलणं तुटायचं आणि कुणीतरी म्हणायचं, "काय ऊन आहे नाही आज!" बाहेर पाऊस असला तरी. आधी आधी त्याला हसू यायचं. पुढे पुढे ऊन म्हटलं की आज काय लपवलं असेल, याचाच तो हिशेब करायला लागला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे या शहाण्यांना कोण सांगणार!

आई थोरल्या भावाकडे राहायची. गोळ्या सोडल्यावर तिसऱ्या महिन्यात त्याने तिची वरची कवळी केली होती. हात असे थरथरत की मेणात दात बसवायलाच अकरा दिवस लागले, आणि तरी समोरचा एक वाकडा बसलाच. सरळ करून देतो म्हणाला, तर आईने कवळी त्याच्या हातातून ओढून घेतली.

"राहू दे. हा तुझा शुद्धीतला दात आहे. जीभ लागली की बरं वाटतं मला."

त्या बुधवारी दुपारी कामावर तो मेण घ्यायला शेजारच्या टेबलाकडे वळला, तर तिथल्या वाटीत ओल्या कापसावर एक कवळी. मधोमध तडकलेली, समोरचा एक दात निखळून बाजूला पडलेला. आपल्या हातचं काम माणूस झोपेतही ओळखतो.

"काका, ही कुणाची?"

ते टेबल पॉलिशकाकांचं. पॉलिश करता करता जगाच्या गोष्टी सांगणारा, तोंडात तीळ न भिजणारा माणूस. त्यांनी मोटर बंद केली. "अरे, असेल कुणा गिऱ्हाइकाची... बाकी काय ऊन आहे नाही आज!"

त्याने घरी फोन लावला. "आई कशी आहे?"

"मस्त! आत्ताच बोलले की मी. पोटभर जेवल्या, झोपल्यात." बायकोचा आवाज नको इतका गोड होता.

दात इथे वाटीत, आणि आई पोटभर जेवली? जिवंत बाईचे दात कोण काढून आणतं? आई गेली, त्याने ठरवूनच टाकलं. आपल्याला न सांगता पोचवूनही आले असतील. डोक्यातली धोक्याची घंटा वाजायला लागली, थांबेचना. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. बोलायचं. पण कुणाशी? जो तो ऊन सांगणारा. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मात्र काहीच लपवलं नाही. जुनी ओळख ठेवून त्याने दहाची स्ट्रिप पुढे सरकवली. कवळीवाल्याने दोन तिथेच, उभ्या उभ्या गिळल्या.

अर्ध्या तासात घंटा थांबली. वाटी आपल्या टेबलावर घेऊन तो कामाला बसला. चीर सांधली, निखळलेला दात बसवला, घासून चकचकीत केलं. बोट एकदाही हललं नाही.

त्याचा शांत चेहरा बघून पॉलिशकाकांना हायसं वाटलं. "कळलंच म्हणायचं तुला. अरे, आई पडल्या घरात, खुबा मोडला, कवळीही फुटली. सहा दिवस दवाखान्यात आहेत. तुझ्या दादाने शपथ घातली होती रे मला. कवळीवाचून त्यांचं बोलणं कुणाला कळेना, म्हणून त्यानेच गुपचूप आणून दिली."

म्हणजे आई होती. त्याला धाय मोकलून रडायला हवं होतं, पण रडू कुठेतरी लांब राहिलं होतं.

दवाखान्यात त्याला बघून बायको म्हणाली, "काय ऊन..." दादा खिडकीबाहेर बघायला लागला. आई मात्र गाल आत गेलेल्या तोंडाने हसली. त्याने कवळी धुऊन तिच्या हातात दिली. तिने ती बसवली, जीभ सवयीने दातांवरून फिरवली. समोर आल्यावर जीभ थांबली.

"दात सरळ झाला," आई म्हणाली.

"बरंच झालं की!" दादा म्हणाला.

आई दादाकडे बघतही नव्हती. "किती घेतल्यास?"

ऊन त्याच्याही जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"दोन."

बायकोने तोंडावर हात घेतला. आईने सलाईन लावलेला हात उचलला आणि तळवा त्याच्यापुढे धरला. "उरलेल्या दे."

आठ होत्या, शर्टाच्या खिशात. त्याला द्यायच्या होत्या, अगदी मनापासून द्यायच्या होत्या. त्याने खिशात हात घातला, बोटं स्ट्रिपभोवती मिटली, आणि काही केल्या हात बाहेर येईना. बायको रडत त्याचा दंड धरून ओढत होती. आईचा हात कापायला लागला, तरी तिने तो खाली घेतला नाही.