नागूमामाची गार कॉफी

‘झोप झाली का?’ असं नागूमामा सकाळी कधी विचारत नसे. तो विचारी, “काय पाहिलंस?” म्हणजे स्वप्नात. राजाजीनगरात त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे आमची खोली. कॉफीचा पेला घेऊन तो उंबऱ्यावर बसे, मी अंथरुणातूनच सांगू लागे आणि तो अधूनमधून नुसतं म्हणे, “सरी, पुढे?” सरी म्हणजे कन्नडमध्ये ‘बरं’.

मी सात वर्षांची असताना त्याच्याकडे आले. तुमकूर रस्त्यावरच्या अपघातात आई-बाबा दोघंही गेले होते. मामा आईचा थोरला भाऊ. लग्न न केलेला, एकटा. आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलंच, त्यामुळे त्याच्या मराठीत कन्नड साखरेसारखं विरघळलेलं असे. दुपारी तो सावरीचा कापूस पिंजू लागला की उन्हात तंतू तरंगत राहत. नव्या गाद्यांच्या थप्पीवर पडून मी ते बघत असे. हळूहळू डोळे जड होत आणि आपण ढगाच्या आत राहतो असं वाटू लागे.

सुरुवातीला मी स्वप्नं रचून सांगायची. उडणारी रिक्षा, शाळेत आलेला हत्ती. खरं स्वप्न एकच होतं: आई बसच्या खिडकीतून हात हलवते आहे आणि बस थांबत नाही. एका सकाळी तेच तोंडून निघून गेलं. मामा ‘सरी, पुढे?’ म्हणाला नाही. ‘विसर’ असंही म्हणाला नाही. कॉफीवर साय धरली तरी तो तसाच बसून होता. मग म्हणाला, “तुझ्या आईला, सुमाला, लहानपणापासून खिडकीच हवी असायची. मला एकदाही बसू दिलं नाही तिनं.” मी हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

वेणी घालायला तो शेजारच्या जयम्मा अक्कांकडून शिकला. त्याच्या हातची वेणी गादीच्या शिवणीसारखी, ओढून पक्की केलेली. मी ओरडले की म्हणायचा, “स्वल्प सोस गं, संध्याकाळपर्यंत टिकायला नको?”

वर्षभरानं आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, मनानं चांगली. तिचं म्हणणं, एकट्या पुरुषानं मुलगी कशी वाढवायची? तिला वसतिगृहात ठेवू. तिनं तसा अर्ज केला आणि एका सकाळी बालकल्याणाच्या बाई घर पाहायला आल्या. मी कुठे झोपते, आंघोळ कुठे करते, आजारी पडले तर कोण बघतं, सगळं त्यांनी नीट विचारलं. जयम्मा अक्काही येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी मामाच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं होतं.

बाई म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही हिचे आई आणि बाप दोन्ही होऊ शकाल?”

“नाही मॅडम,” मामा म्हणाला. आत्यानं चमकून पाहिलं. “तिला आई-बाप होते. त्यांची जागा मी कशाला घेऊ? ती तशीच राहू दे. मी मामा आहे, तेवढं नीट करतो.”

बाई माझ्याकडे वळल्या. “तू इथे काय काय करतेस?”

“सकाळी स्वप्न सांगते. मामा ऐकतो.”

“आणि वाईट स्वप्न पडलं तर?”

“मग मामाची कॉफी गार होते.”

जयम्मा अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. पुढे आणखी भेटी झाल्या, सुनावणी झाली आणि मी मामाकडेच राहिले. निकालाच्या दिवशी आत्या रडत होती. मामा तिला म्हणाला, “ताई, दर सुट्टीत पोरगी तुमच्याकडे येईल. तिची माणसं आधीच कमी झालीत, मी आणखी कमी करणार नाही.” त्यानं ते पाळलं. माझ्यासमोर आत्याबद्दल वाकडा शब्द कधी काढला नाही.

मी शिकले, कोरमंगलात नोकरी लागली. कापसाच्या धुळीनं मामाची छाती भरली तेव्हा दुकान बंद करून त्याला एचएसआर लेआउटमधल्या माझ्या घरी आणलं. शेवटच्या महिन्यांत तो दिवसाही झोपेच्या काठावरच असे. कुठल्या काळात आहे ते कळत नसे, पण चेहरा शांत असे.

गेल्या माघातली दुपार. मी त्याच्याजवळ बसून संत्रं सोलत होते. त्यानं डोळे अर्धवट उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि हाक मारली, “सुमा.”

मी आईसारखी दिसते, असं सगळे म्हणतात.

“पोरगी जेवली का गं?”

आई त्याला जशी हाक मारायची तशीच मी मारली. “जेवली, अण्णा. पोटभर जेवली.”

“बरं झालं,” तो म्हणाला आणि भिंतीकडे कूस वळवून झोपला. तो पुन्हा उठला नाही.