मँडोलिनच्या चाव्या

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, आईजवळ नाही — ती बिचारी न ऐकताच गेली. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो ना आम्ही, त्यात चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज आपोआप खाली जातो. शेजारच्या बायांना वाटतं मला दम लागतो. वाटू दे.

गोष्ट मोठी नाही, हे आधीच सांगते. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढा पसारा? एक चावी जराशी फिरवायची, बस. पण ज्याचं त्यात गेलं त्याला ती लहान होती का? आणि ज्याचं गेलं त्याला तर ते गेलं कसं हेच माहीत नाही.

थांबा, सुरुवातीपासून सांगते.

मी गोरेगावजवळच्या या गावात लग्न होऊन आले ते २००२ मध्ये. घरात सासू, सासरे आणि आम्ही दोघं. हे — नाव घ्यायची सवय नाही, 'हे'च म्हणते — राइस मिलमध्ये मशीनवर होते. दिवसभर तो धडधडाट. घरी आले की पहिल्या हाकेला बघायचेच नाहीत, दुसऱ्या हाकेला मान वळायची. मिलमधले सोबती गमतीनं बहिरा म्हणायचे. हे पण हसायचे. मात्र ती थट्टा आत कुठेतरी लागायची, मला दिसायचं ते.

आणि आमच्या घरची रीत तुम्हाला माहीत असेलच, तुमच्याही घरी असेल. मोठ्या माणसांसमोर नवरा-बायकोनं जवळ बसून बोलायचं नाही. कुणी तसं बजावलं नव्हतं, पण मी त्यांना पाणी दिलं की पुन्हा चुलीकडे वळायचं, आणि ते सासऱ्यांशी धानाबद्दल बोलत बसायचे. रात्री बोलावं तर माणूस दमून पाठ टेकताच झोपी जायचा. वर्ष उलटलं तरी मला नवरा म्हणजे एक थकलेली पाठच माहीत होती. माझं वय तरी काय होतं तेव्हा? बोलायला जीव आसुसला होता.

मग पोळ्याच्या आसपास ते मँडोलिन आलं.

लहानपणी काकाच्या रेडिओवर जुन्या गाण्यांच्या मधोमध ते किणकिणणारं वाजायचं, तेव्हापासून यांना ते शिकायचं होतं. कुणाला बोलले नव्हते. बोलणार तरी कुणाला? गोंदियाला मिलच्या कामानं गेले आणि दुकानातलं सगळ्यात स्वस्त उचलून आणलं. "नया सीखने वाले के लिए यही ठीक है भैया," दुकानदार म्हणाला म्हणे. लाल भडक पॉलिश, त्याचा वास घरभर. सासूनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "लेकरू व्हाच्या आंधीच खेळना आनलास काय गा?" हे लाजले. पण वस्तू हातातून खाली ठेवली नाही.

आता थोडं त्या वाद्याबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय माझं पाप कळायचं नाही. मँडोलिनला तारा आठ, पण जोड्या चार; प्रत्येक तार ताणायला वर एक चावी. जोडीतल्या दोन्ही तारा अगदी एका सुरात लागतात. एक जरी केसभर उतरली तरी सगळं आंबट वाजतं. आणि नवीन तारा पहिल्या दिवसांत ताणून सैल पडतात, रोज जुळवाव्या लागतात. यांना ते जमेना. मी माहेरी असल्यापासून जयंतीच्या गाण्यांत पुढे बसणारी, आमच्या महिला मंडळाच्या पेटीवर बोट मीच ठेवायचे. कान बरा होता माझा. तर एका संध्याकाळी यांनी सपरीतून — म्हणजे घराच्या पुढच्या पडवीतून — हाक मारली, "अवं, ये ना जरा. हे जमून नाही राहिलं."

मी सासूकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा बाई, लावून दे त्याचा बाजा. नाही त डोकं खाईल."

परवानगी! दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, नवऱ्याजवळ बसायची परवानगी.

मी सूर धरायचे, हे चावी फिरवायचे. वर... अजून जरा... आता बस. आणि मध्ये मध्ये हा अबोल माणूस बोलायला लागला. मिलच्या पट्ट्यावर चिमणीनं घरटं केलं म्हणून मालकाला न सांगता तो पट्टा कसा दिवसभर बंद ठेवला ते. लहानपणी विहिरीत पडले होते ते. पहिल्यांदा मला बघायला आले तेव्हा माझ्या आतेबहिणीलाच नवरी समजून बसले होते ते — यावर मी रुसले, आणि तार जुळवायची तशीच राहिली. किती गोड दिवस होते, काय सांगू. भात करपला तरी सासू फारशी बोलली नाही.

दिवाळी झाली आणि तारा बसल्या. स्वस्तातलं असलं तरी वाद्य खोटं नव्हतं. आज लावलेला सूर उद्या तसाच राहायला लागला. हे आले की हातपाय धुऊन थेट वाजवायला बसायचे. सारेगम, पुन्हा सारेगम, मग एखाद्या गाण्याचा अर्धा तुकडा. हळूहळू बोटं वळत होती. बरं वाजत होतं हो, मी खोटं कशाला बोलू आता? आणि मला हाक येईनाशी झाली. मी चुलीपाशी, ते सपरीत. पुन्हा पहिल्यासारखं.

एका दुपारी सासू शेतावर गेली होती. मी खुंटीवरचं मँडोलिन काढलं, पदरानं पुसलं... आणि तिसऱ्या जोडीतल्या एका तारेची चावी जराशी सैल केली. फार नाही. इतकीच, की सूर आंबावा आणि कोणती तार ते यांना कळू नये.

संध्याकाळी हाक आली. "पाहा बरं वं, पुन्हा उतरलं." माझा जीव सुपाएवढा झाला.

मग सोडवेना. कधी एक तार, कधी दुसरी. रोज नाही, पण यांची बोटं वळायला लागली की हमखास. यांचा सगळा वेळ जुळवण्यात जायचा, वाजवायला हाती काही उरायचं नाही. कधी वैतागून म्हणायचे, "काऊन उतरते हे? मी त हातही नाही लावला." मी म्हणायचे, स्वस्तातलं आहे ना. अशी सहज म्हणायचे. तेव्हा मला त्यात काही वाईट दिसलंच नाही — की दिसलं होतं? दिसलं असेल. नाहीतर दार लोटून का घेत होते मी?

एप्रिलमध्ये जयंती आली. गायन पार्टीतल्या पेटीवाल्या दादांनी यांना विचारलं, दोन कडव्यांच्या मधला छोटा तुकडा वाजवशील का. यांना कुणी कधी असं काही विचारलं नव्हतं. रात्री झोपेतही बोटं हलत होती त्यांची. आदल्या रात्री हे झोपल्यावर मी तार उतरवली. का? वाटलं, उद्या निघण्याआधी हाक मारतील, आम्ही दोघं मिळून शेवटचं जुळवू, नवी साडी नेसून मी जवळ बसेन. इतकंच होतं हो मनात.

पण जयंतीच्या दिवशी मी सकाळपासून विहारापाशी जेवणाच्या कामाला. आणि हे मिलमधून उशिरा सुटले, घरातून वाद्य उचललं ते थेट मंडपात.

पहिलं कडवं झालं. यांनी छेडलं. मांडवात बसलेल्या पोरीसोरी हसल्या. यांनी चावी पिरगाळली, चुकीची. पुन्हा छेडलं, आणखी आंबलं. कपाळावर घाम. मी बायांत पुढेच बसले होते. कोणती तार, किती उतरली, सगळं मला ठाऊक होतं. उठून गेले असते तर क्षणात जुळलं असतं, आणि कुणाला नवल वाटलं नसतं, गावाला माझा कान माहीत होता. पण चोराच्या मनात चांदणं. माझा हात सरळ त्याच चावीवर गेला तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं तर? मी मांडीखालची चटई धरून बसून राहिले.

पेटीवाले दादा मायेनं म्हणाले, "राहू दे गा, तू टाळी धर." यांनी मँडोलिन मांडीवर आडवं ठेवलं आणि गाणं संपेपर्यंत टाळ्या वाजवल्या. ताल मात्र एकदाही चुकला नाही.

घरी आल्यावर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला म्हणाले, "माहा कानच नाही वं. मिलनं खाल्ला. तुले उगाच रोज बसवून ठेवलं मी, काम सोडून." माझी माफी मागितली त्यांनी. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, जाऊ द्या.

मँडोलिन पार्टीला देऊन टाकलं. पुढे सालेकशाकडचा एक पोरगा पार्टीत आला, तो ते वाजवू लागला. एकदा त्यानं यांच्यासमोर कौतुक केलं, की भाऊ, बाजा मस्त आहे, महिना महिना सूर हलत नाही. घरी येताना वाटेत हे मला म्हणाले, बघ, बाजा चांगलाच होता, खोट माझ्यातच होती. तोपर्यंत कुठेतरी स्वस्त मालाचा आडोसा होता त्यांना. तोही गेला. त्या वाटेवर आम्ही दोघंच होतो, सासू नाही, सासरे नाहीत, कुणी नाही. तिथेही मी बोलले नाही.

इथवर सांगून थांबता आलं असतं. पण अर्धं सांगणं म्हणजे पुन्हा तेच.

आमची पोरगी दहाएक वर्षांची झाली तेव्हा शाळेतल्या बाईंनी तिला सांगितलं, गोरेगावला पेटी शिकवतात, वडिलांना विचार. तिनं जेवताना विचारलं. यांनी तिला मायेनं जवळ घेतलं. "बेटा, आईवर गेली असती त पाठवलं असतं. तू कान माहा घेतला. नसत्या नादी लागलं की चारचौघांत खाली पाहावं लागते, मले माहीत आहे. विचार आईले."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. विचारलं पण, "खरंच का आई?"

मी हो म्हटलं.

तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. जेवण झाल्यावर ती ताटं उचलून मागे घासायला गेली, आणि घासता घासता गुणगुणत होती. सूर चोख होता. हे अंगणात उभे होते, त्यांना ऐकू आलं नाही. मला आलं.