अकरावीच्या वर्गात बसलेली मावशी

“आधी बसून पाहू.”

कुणी काहीही सांगितलं तरी तिचं पहिलं वाक्य हेच. नवी खाट असो, एसटीतली जागा असो नाहीतर लेकीचं कॉलेज असो. आणि नुसतं म्हणायची नाही, खरंच बसायची. पदर कानामागे खोचायचा, साडीचा घोळ गुडघ्याखाली दाबायचा आणि फतकल मारायची. एकदा बसली की तहसीलदार आला तरी उठायची नाही.

वसमतच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फोटो, पास, ऑनलाइन अर्ज, सगळं होतं तिथं. दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे आईबापांची जी झुंबड उडते, ती एकदा येऊन पाहाच. पोरगं मान खाली घालून उभं असतं आणि बाप बोलत असतो. सायन्सच घ्यायचं म्हणतो, शेजाऱ्याच्या पोरानं घेतलंय म्हणतो. पोराला काय पाहिजे हे विचारायची रीत आपल्याकडे नाहीच. मी विचारते, कारण माझी जीभ माझं ऐकत नाही. मग बाप चिडून पलीकडच्या दुकानात जातो. गेला तर गेला.

ही बाई आली तेव्हा सगळं उलटंच होतं. लेक बोलत होती आणि आई ऐकत होती. कुरुंद्याच्या अलीकडच्या एका वाडीवरची माणसं, घरी थोडं कोरडवाहू रान आणि शेरडं-मेंढरं. लेकीचं नाव रेणुका. तिच्या शाळेत काचेच्या कपाटात एक सूक्ष्मदर्शक होता. दर पंधरा ऑगस्टला त्याच्यावरची धूळ झटकायचे आणि परत कुलूप लावायचे. रेणुकाला एकदा त्याच्यातून पाहायचं होतं, म्हणून सायन्स. मी आजवर शेकडो पोरांचे अर्ज भरले, पण एवढं सरळ कारण कुणी दिलं नव्हतं. मला पोर आवडली.

पण अर्ज भरायचा कशावर? पोरीचा शाळेचा दाखला आणि मार्कमेमो, म्हणजे मार्कांचा कागद, घरात नव्हताच.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, म्हणजे भानगड कळेल. निकाल लागला की आमच्या भागात एक हंगाम येतो. हळदीचा नव्हे, पोरांचा. कॉलेजांचे सर लोक मोटारसायकलवरून वाड्या-तांडे पालथे घालतात. पोरं भरली नाहीत तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की सरांची नोकरी अधांतरी. त्यांचीही तकलीफ कळते मला. म्हणून ते पेढ्यांचा पुडा आणतात, दप्तर देतात आणि गोड बोलून सांगतात की यायची गरजच नाही, नाव आमच्याकडं, लेकरू तुमच्याकडं, परीक्षेपुरतं पाठवा. उठताना पोराचा दाखला आणि मार्कमेमो पिशवीत घालून नेतात. कागद गेला की पोरगं गेलं. दुसरीकडे नाव घालायचं म्हटलं तर हातात काहीच उरत नाही.

तसंच झालं होतं. हिचा नवरा मेंढरं घेऊन लांबच्या रानात आणि ही शेरडांमागे. घरात होता दीर. सर आले, पेढे ठेवले, आणि दिरानं कागद काढून दिले. त्याच्या हिशेबानं त्यात वाईट काहीच नव्हतं. पोर घरात राहील, कामाला हात लागेल, बारावीचा शिक्काही बसेल.

मी वैतागून विचारलं, “आणि पेढे? गोड लागले का मावशी?”

“शेरडायला घातले,” ती म्हणाली. मग म्हणाली की घरी राहिलेली पोर सरळ मांडवात जाते, बाई. दिवाळी झाली की पाहुणे येतील. ते कागद मला परत आणायचे हायेत.

मी तिला सांगितलं की ते लोक असे देत नाहीत. सभापतीची चिठ्ठी आणा, नाहीतर शिक्षण खात्यात तक्रार करा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“ते मागून. आधी बसून पाहू.”

ते कॉलेज फाट्यावर आहे. नाव सांगत नाही, भांडण नको. पत्र्याची मोठी पाटी आणि मागं चार खोल्या. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. पहिल्या दिवशी मायलेकी तिथं गेल्या. हापिसातल्या सरांनी चहा पाजला आणि पोरीला कशाला दगदग, म्हणून समजावलं. हिनं विचारलं, तास कधी आहे? सर म्हणाले, होतील सुरू. हिनं वर्गाचं दार ढकललं तर आत छतापर्यंत हळदीची पोती. कुणाची होती देव जाणे. पोत्यांमागून दोघींनी एक बाक ओढून काढला, पदरानं पुसला, फळ्यासमोर ठेवला आणि संध्याकाळच्या बसपर्यंत बसून राहिल्या. अंगाला हळद लागली ती वेगळीच. परत जाताना माझ्याकडे पाणी प्यायला थांबल्या, तेव्हा दोघी पिवळ्याधमक. मी म्हटलं, मावशी, लगीन नको म्हणता आणि हळद लावून आलात. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद केलं आणि त्यांच्यामागे गेले. मला तमाशा पाहायची हौस आहे, खोटं कशाला बोलू. पण पाहते तर काय, ही शेरडं घेऊन आलेली. घरी राखायला कुणी नव्हतं, दीर तर रुसून बसला होता. शेरडं कॉलेजच्या आवारात सोडली आणि मायलेकी बाकावर जाऊन बसल्या. आवारात वृक्षारोपणाची रोपं होती, प्रत्येकापुढे पाहुण्यांच्या नावाची पाटी. तासाभरात पाट्या तेवढ्या राहिल्या. शिपाई एका शेरडाला हाकलायचा तर दुसरं हापिसात शिरायचं.

शेवटी प्राचार्य आले. माणूस तसा वाईट नव्हता, पण भडकला होता. म्हणाला, हे कॉलेज आहे, कोंडवाडा नाही.

“कॉलेज हाय व्हय?” ती म्हणाली. “मंग शिकवा की. आमी कालपासून बसून राहिलो.”

त्यांनी तिला नियम सांगितले. हजेरीची काळजी करू नका, रोजची हजेरी आम्ही लावतो, असंही सांगून बसले. तिथं चुकले. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. पण तिचा चेहरा असा झाला की मी दाराशी होते ती एक पाऊल मागे सरले.

“माझं बी नाव शाळेत व्हतं, साहेब. रोज हजर. अन् मी कुठं व्हते? शेरडामागं. मास्तरला पट पाहिजे व्हता, माझ्या बापाला शेरडं राखायला माणूस पाहिजे व्हतं. दोघायचं भागलं. मला अजून माझी सही येत न्हाई. नुसतं नाव बसवायचं काम माझ्यावर झालं, पोरीवर न्हाई होऊ देणार. ही सोता बसंल. तुमच्याकडं बसायला जागा नसंल तर कागद द्या, जिथं जागा हाय तिथं बसवते.”

बाहेर शेरडं तेवढी ओरडत होती. प्राचार्यांनी पोत्यांकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं आणि स्वतः जाऊन कपाट उघडलं. कागद तिच्या हातात दिले. तिनं ते रेणुकाकडे दिले आणि वाच म्हणाली, आपलेच हायेत ना बघ. रेणुकानं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला सहसा येत नाही. निघताना ती प्राचार्यांना म्हणाली, झाडं खाल्ली त्याचं मात्र वाईट वाटतं, साहेब.

मग सुरू झालं कॉलेज पाहणं. वसमतमधली कॉलेजं तिनं बाजारात भांडी वाजवून घ्यावीत तशी पाहिली. एका ठिकाणी भिंतभर गुणवंतांचे फोटो होते, पण वर्गात जाऊ देईनात. पालकांनी हापिसातच थांबायचं म्हणे. तिचं म्हणणं असं, की लेकरू दोन वर्षं बसणार आणि मी एक दिवस बसले तर काय बिघडतं? दुसरीकडे प्रयोगशाळेची चावी शिपायाकडे, शिपाई लग्नाला आणि लग्न तिकडं लांब साखरा गावाला. तिथून ती हात जोडून निघाली. आणखी एका चांगल्या कॉलेजाला तिनं उगाच नाव ठेवलं. तिथला सर लई बारीक हाय, दोन वर्षं टिकायचा न्हाई, असं तिचं मत. मी डोक्याला हात लावला. तो सर अजून ठणठणीत आहे.

एका दुपारी ती दुकानात आली ती खुशीतच. म्हणाली, कॉलेज सापडलं. मी विचारलं कोणतं, तर जुनं, गळक्या छपराचं, जिथं कुणी आपणहून जात नाही ते.

“त्यात काय पाहिलं मावशी?”

“रागावला मला. तिथला सर. तास चालू झाल्यावर आत आले म्हणून माझ्यावर रागावला, बाहेर उभं ऱ्हा म्हणला.” ती कौतुकानं सांगत होती. “जिथं उशीर व्हतो ना बाई, तिथं शिकवत असत्याल. त्या फाट्यावर आपल्याला उशीर झालाच न्हाई कवा.”

अर्ज मी भरला. त्या वर्षी मी भरलेला सगळ्यात आनंदाचा अर्ज तो.

मग दोन वर्षं दर बाजाराच्या दिवशी ती माझ्याकडे यायची. माझ्याकडे एक डुगडुगणारं स्टूल आहे, ते तिचं. रेणुकाची बस लागेपर्यंत ती त्याच्यावर बसायची आणि गिऱ्हाइकांना फुकटचा सल्ला द्यायची. कॉलेज घेताय का? बसून पाहिलं का? बाप लोक माझ्याकडे पाहायचे, मी मशीनकडे पाहायची. एकदा पिशवीतून एक कांदा काढून दाखवला. रेणुकाला प्रयोगाला पाहिजे होते म्हणून घरचे आणलेले, त्यातला हा उरलेला. त्या दिवशी त्या रागीट सरांनी हिलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. मी विचारलं, काय दिसलं? तिनं तो कांदा हातात फिरवून पाहिला. मग म्हणाली, “कांदाच व्हता. पण आत कुणी तरी ईट न् ईट रचून ठिवली हाय. अन् मी जलमभर चिरून राहिले.”

पहिल्याच वर्षी दिवाळीनंतर पाहुणे आलेच. दिरानं बोलावलेले, जीप करून आलेले. पोरगी दाखवा म्हणाले. हिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि सांगितलं की पोरगी कॉलेजात हाय, संध्याकाळच्या बसनं येईल, तवर बसा. बोलावून घ्या म्हणाले. ही म्हणाली, तास चालू हाय. पाहुणे बसले. चहा झाला, परत चहा झाला. ऊन उतरलं तसे एकेक उठून जीपकडे गेले. दिरानं त्यावर हिच्याशी बोलणं टाकलं. मी विचारलं, आता घरात कसं होणार? ती म्हणाली, लई शांत झालंय.

रेणुका बारावी झाली. परभणीला बी. एस्सी. करायचं तिनं ठरवलं आणि कॉलेज पाहायला एकटीच गेली. परत आली त्या दिवशी दोघी माझ्याच दुकानात होत्या. आईनं एवढंच विचारलं, “बसून पाहिलं का?”

“दोन तास बसले,” रेणुका म्हणाली. “एक मॅडम रागावल्या.”

“मंग बरं.”

ती निघाली तो दिवस मला चांगला आठवतो. परभणीची बस लागली, पोर चढली, खिडकीची जागा मिळाली. ही खाली उभी. रडेल असं वाटलं होतं, पण ती ड्रायव्हरला बस नीट चालवायला सांगत होती. बस फाटकातून बाहेर पडली तशी ती रस्ता ओलांडून दुकानात आली. मी स्टूल पुढे सरकवलं. बसा मावशी म्हटलं, चहा सांगते.

ती स्टुलाकडे पाहत राहिली. मग पदर कानामागे खोचला.

“न्हाई बाई. ती बसली की तिकडं. आता मी काहून बसू?”

आणि गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, शेरडं सुटायची वेळ झाली होती.

तेव्हापासून ती आलेली नाही. रेणुका सुट्टीत येताजाता भेटते, आई कशी आहे विचारलं की बरी आहे म्हणते. मला करमत नाही, हे मी तिला सांगत नाही. निकाल लागला की सर लोक पेढ्यांचे पुडे घेऊन माझ्याही दुकानात येतात, आमच्या कॉलेजचं नाव पोरांना सुचवा म्हणतात. मी ते डुगडुगणारं स्टूल त्यांच्यापुढे सरकवते आणि विचारते, तुमच्याकडे तास कधी असतो? एक दिवस येऊन बसते म्हणते. अजून कुणी मला वेळ सांगितलेली नाही.