आईची मराठीतली कबुली

खरं सांगायचं तर, आई आजारी पडली त्या वर्षी माझ्याच श्रद्धेला घरघर लागली होती. रविवारी मी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जाई ती आईचा हात धरायला. गुडघे टेकायची, ओठ हलवायची आणि मनात दुपारच्या कालवणाचा विचार करायची. आईला हे कळत असावं, पण तिने कधी टोकलं नाही.

आम्ही वसईचे. माझ्या नवऱ्याला रेल्वेच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मद्रासला, पेरांबूरला आलो. मी एकुलती एक. विधवा आईला मागे एकटी कुठे ठेवायची, म्हणून तिलाही आणलं. चर्चमधल्या तमिळ बायकांत तिचं लाल लुगडं लांबूनच ओळखू येई. रोज पहाटे मिस्सा, रोज संध्याकाळी रोझरीची जपमाळ, मग पाऊस असो की ताप. माझी लेक रीटा तिच्याच मांडीवर ‘नमो मारिया’ ही प्रार्थना शिकली. देवाशी मराठीतच बोलायचं असतं, अशी त्या पोरीची कितीतरी दिवस समजूत होती.

मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये होई, त्यामुळे आईचं तिथे काही अडत नसे. अडायचं ते कन्फेशनला, फादरपुढे पापं कबूल करताना. फादरना तमिळ आणि इंग्रजी येई, आईला दोन्ही येत नव्हत्या. शेवटी शेजारच्या अरुलम्माने तिच्याकडून तीन पापं तमिळमध्ये पाठ करून घेतली: राग आला, खोटं बोलले, प्रार्थनेत लक्ष नव्हतं. बारा वर्षं दर शनिवारी आई जाळीपाशी गुडघे टेकून हीच तीन पापं म्हणत आली. एका शनिवारी वाटेत मला म्हणाली, “अगं, या आठवड्यात खोटं बोललेच नव्हते. म्हणून निघताना अरुलम्माला मुद्दाम खुणेने सांगून आले, आज आमच्याकडे मासळी नाही म्हणून. नाहीतर माझं कन्फेशन खोटं पडलं असतं!” मी रस्त्यात उभी राहून हसले. तिला काही हसू आलं नाही.

मग तिच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. आईला ते सांगावं लागलं नाही. मरणाची भीती तिला नव्हतीच. तळमळ होती ती निराळीच. खूप वर्षांपूर्वीची एक गोष्ट तिच्या मनात होती, आणि ती त्या तीन पाठ पापांत बसत नव्हती. “मराठी जाणणारा फादर आण गं,” एवढंच ती म्हणत राहिली.

मद्रासमध्ये कुठून आणणार? मी म्हटलं, मला सांग, मी फादरना इंग्रजीत सांगते. तिने तोंड फिरवलं. लेकीच्या तोंडून आईचं पाप वदवायचं, हे कसं सुचलं मला! फादर बिचारे स्वतः घरी आले. देवाला सगळ्या भाषा कळतात, तुम्ही मराठीत सांगा, मी क्षमा देतो, असं त्यांनी माझ्याकरवी तिला कळवलं. आई नम्रपणे ‘नको’ म्हणाली. ते गेल्यावर मला म्हणते, “देवाला कळेल गं. त्याला आधीपासून ठाऊकच आहे. पण एकदा कुणा माणसाने ते ऐकायला हवं.”

मी चार चर्चमध्ये विचारून आले. मुंबईला पत्र टाकलं. उत्तर येईस्तोवर आई राहणार नाही हे मला दिसत होतं. एके दिवशी भर दुपारी, चुलीपुढे बसून मी देवाला अद्वातद्वा बोलले. बारा वर्षं जी तुझ्या दारात आली, तिला एक माणूस देता येत नाही तुला? किती तरी महिन्यांनी केलेली माझी ती पहिली खरी प्रार्थना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईसाठी प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेऊन आले ते आपले फादर नव्हतेच. त्यांना ताप होता, म्हणून त्यांच्याकडे उतरलेल्या एका म्हाताऱ्या, ठेंगण्या फादरना त्यांनी धाडलं होतं. आई डोळे मिटून पुटपुटत होती, ‘नमो मारिया, कृपापूर्णे…’ फादर उंबऱ्यातच थबकले. मग तमिळ हेलात, पण मराठीत म्हणाले, “अम्मा, तुम्ही मराठी की काय?”

आईने डोळे उघडले. मी हातातलं मेणबत्तीचं ताट खाली ठेवलं.

ते तंजावरचे होते. लहानपणी त्यांच्या गल्लीत सगळी मराठी घरं, त्यांच्याच पोरांत खेळून वाढलेले. त्यांची मराठी जुनी, आमच्यापेक्षा वेगळी. खुर्ची ओढून ते म्हणाले, “मज कळते, अम्मा. अस्के सांगा.” अस्के म्हणजे सगळं, हे आईला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी रीटाला घेऊन बाहेर आले.

अर्ध्या तासाने फादर बाहेर आले, प्यायला पाणी मागितलं आणि रीटाच्या डोक्यावर हात ठेवला. मी विचारलं, मद्रासला कसं येणं झालं? म्हणाले, चष्मा करायला. कालच परतायचं होतं, पण काच चुकीची बसवली होती, म्हणून राहावं लागलं. याला काय म्हणावं ते मला आजही कळत नाही. मी कुणाशी वाद घालत नाही. चष्मेवाल्याच्या चुकीबद्दल मात्र देवाचे आभार मानते.

आई त्यानंतर तीन दिवस जगली. त्या तीन दिवसांत तिने काही मागितलं नाही. रीटाला जवळ निजवून घेतलं, अरुलम्माला बोलावून तिच्या गालाला हात लावला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, रोझरी चालू असताना, शांतपणे गेली. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिच्या मनात काय होतं ते मला कधीच कळलं नाही, आणि आता कळायलाही नको. आईसाठी सगळं मीच करीन, असा माझा हट्ट होता. औषधं, डॉक्टर, पत्रं, सगळीकडे धावले. आणि तिला जे हवं होतं ते जेव्हा घरी चालत आलं, तेव्हा देवाने माझ्याकडून एवढंच करून घेतलं: मी दार ओढून घेतलं, आणि बाहेर थांबले.