आधी दार, मग साडी

गोदाआत्या कुठल्याही दुकानात शिरली की आधी मागचं दार शोधायची. दुकानदार "या, बसा" म्हणत गादीवरची चादर झटकत असायचा आणि ही पदर खोचून कपाटामागे डोकावत विचारायची, "बाहेर निघाचा दुसरा रस्ता कोठी हाय?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती मांडी घालत नसे. चिखलीच्या बाजारपेठेतले निम्मे दुकानदार तिला एवढ्याच कारणासाठी ओळखायचे. एकजण तर ती पायरी चढताना दिसली की नोकराला मागचे खोके हलवायला पाठवायचा.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहायची आमच्याच गल्लीत आणि घरात तिच्या शब्दाबाहेर कोणी नव्हतं. नव्या माणसाला वाटे, ही कधीतरी आगीत सापडली असणार. तसं काहीही घडलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा तिने आठ्या घालून मलाच उलटं विचारलं, "काऊन? जळाल्याबिगर अक्कल येऊ नये काय मानसाले?"

खामगावला सिनेमाला नेलं तर ती दारावरच्या लाल पाटीखालची खुर्ची पकडायची. तिथून पडदा तिरका दिसे. नायकाचं अर्धंच तोंड दिसतंय म्हणून मी कुरकुरले की म्हणायची, "मान वाकडी झाली त होऊ दे. सरळ मानेनं जळाचं हाय काय तुले?" एका मंगल कार्यालयात बाजूच्या दाराला आचाऱ्याने वरणाचं पातेलं टेकवून ठेवलेलं तिला दिसलं. ते हलवेपर्यंत तिने अक्षता टाकू दिल्या नाहीत. भटजी मंगलाष्टकं लांबवत राहिले. हसून हसून आमची पोटं दुखायची, पण लाजही वाटायची.

आणि मग माझ्या लग्नाचा बस्ता आला. आमच्याकडे बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी एकाच दुकानात, एकाच बैठकीत लग्नाचे सगळे कपडे घ्यायचे. नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं. या बैठकीत कापडापेक्षा माणसांचाच पोत जास्त तपासला जातो. माझं सासर जळगाव जामोदचं. होणाऱ्या सासूबाई मोठ्या कडक. मुलीचा काका जेवताना फार बोलला म्हणून आधीचं एक स्थळ त्यांनी मोडलं होतं. आणि मला तर मुलगा मनापासून आवडला होता. वडिलांनी आदल्या दिवशी आत्याला हात जोडले, "अक्का, उद्या दाराचं नाव काढू नोको." आत्या म्हणाली, "नाई काढत. शब्द देतो."

दुकान नवंकोरं, तीन मजली. समोरून सगळी काच, तीही आतून कापडाच्या कपाटांनी झाकलेली, उघडणारी खिडकी एकही नाही. लग्नाचं कापड सगळ्यात वरच्या मजल्यावर. मागच्या बाजूला एक दार, बाहेर लोखंडी जिना आणि दारावर हिरवी दिव्याची पाटी, तिच्यात पळणारा माणूस. आत्याने ती पाहिली, मान डोलावली आणि गुपचूप बसली. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाई साड्या उलगडायला लावत होत्या आणि आत्या चक्क रंगांबद्दल बोलत होती.

दिवेलागणीला दुकानाचे शेठ स्वतः धुपाटणं घेऊन वर आले. सगळ्या कोपऱ्यांत धूर फिरवला. मग मागच्या दाराला कुलूप घातलं आणि वरची हिरवी पाटी बंद केली. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"शेठ, कुलूप काऊन लावलं?" आत्याने विचारलं.

"दिवेलागण झाली न, आत्या. मागचं दार उघडं राह्यलं त लक्ष्मी निघून जाते."

"अन् दिवा काऊन बंद केला?"

शेठ घुटमळले. "तिले रस्ता कायले दाखवा?"

"एवढ्या बाया वरत कोंडल्या अन् लक्ष्मीची काळजी करता? आम्ही कोन हाव मंग?"

"दोन घंट्यानं उघडतो न."

"मंग साड्याबी दोन घंट्यानं घेतो. उठा गं बायांनो!"

सासूबाईंच्या हातात माझा शालू होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. "तुमच्या घरी नेहमी असंच असते काय?" त्यांनी थंडपणे विचारलं. झालं, मोडलं लग्न, मी मनात म्हटलं. वडील काकुळतीला आले, "अक्का, पोरीचं लगन हाय!"

"म्हनूनच त बोलून राह्यलो. लगनापरेंत पोरगी जिती पायजे का नाई?"

तेवढ्यात वीज गेली.

जिन्यात बॅटरीवरचा दिवा होता, पण त्याचा प्लग काढून तिथे नोकरांचे मोबाईल चार्ज होत असत, त्यामुळे तोही लागला नाही. मिट्ट काळोख, आणि त्यात धुपाचा वास. कोणीतरी किंचाळलं, "धूर! आग लागली!" सगळ्या बाया एकदम जिन्याकडे धावल्या. जिन्याच्या तोंडाशी आम्हीच काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग. पहिली अडखळली, तिच्यावर दुसरी पडली. कोणाचा तरी हात माझ्या गळ्यातल्या पोतीत अडकला. त्या क्षणी मला खरोखर वाटलं की आपण इथेच चेंगरणार.

"बसा! जागच्या जागी बसा!" आत्याचा आवाज आला. "आग नाई, शेठच्या धुपाचा धूर हाय थो!"

त्या आवाजापुढे उभं राहायची आमच्या घरात तरी कोणाची प्राज्ञा नव्हती. जळगाव जामोदवालेही बसले. आत्याने तिच्या बटणांच्या मोबाईलची बॅटरी लावली. शेठना जुडग्यातली नेमकी किल्ली सापडेना. "आत्या, उजेड इकडे धरा," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. दार उघडलं. बाहेर रिकाम्या खोक्यांची रास होती, ती आत्याने लाथेने खाली ढकलली. मग आम्ही एकामागे एक उतरलो. सासूबाईंचे गुडघे दुखायचे. आत्याने त्यांना हाताला धरून एकेक पायरी उतरवलं.

मागच्या गल्लीत आम्ही सगळे अनवाणी उभे. सासूबाईंनी आधी आत्याचा हात सोडला. मग म्हणाल्या, "ताई, तुमचा हात काऊन थरथरून राह्यला होता?"

"भेव वाटते न बाई," आत्या म्हणाली. "अंधाराचं लय भेव वाटते मले."

सासूबाई दिवसभरात पहिल्यांदाच हसल्या आणि शालू तोच घ्यायचा ठरला. त्या दुकानाची हिरवी पाटी आता दिवेलागणीलाही बंद होत नाही. शेठ पुढच्या दारातली उदबत्ती मागे नेऊन त्या पळणाऱ्या माणसालाही ओवाळतात.

पाठवणीच्या वेळी बायका मला नेहमीचंच सांगत होत्या, आता तेच तुझं घर, सगळ्यांना सांभाळून घे. आत्याने मला जवळ ओढलं. "सांभाळून घेजो. पन नाईच जमलं कधी, त फोन कर. मी गाडी घेऊन येतो. काऊन म्हनून विचारनार नाई."

आत्याला हळू बोलता येत नसे. सगळ्यांनी ते ऐकलं. वडिलांचा चेहरा उतरला. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तिनं नाई केला, त मी करीन फोन."

तशी वेळ कधी आली नाही. पण त्या दोघींच्या बोलण्यामुळे मी सासरी पहिल्या दिवसापासून निर्धास्त वावरले. गेल्या वर्षी आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा माझी पिशवी भरून होण्याआधीच सासूबाई गाडीत जाऊन बसल्या होत्या.