अप्पांनी खरं बोलून माझं मत घालवलं

अप्पांचं परत तेच, "मी खोटं का बोलू?" अहो, खोटं नकोच होतं. मतदारयादीवाला कमरीपेठेत घरी आला तेव्हा "पोरगा कामाला गेलाय" एवढं पुरे होतं. तुम्ही छाती फुगवून म्हणालात, "दुबईत असतो." कापलं त्यानं नाव.

मंडळी, आज माझ्या खोलीतला फिलिपिनो इथल्याच त्यांच्या देशाच्या वकिलातीत मत देऊन आला. आमच्या ऑस्ट्रेलियन साहेबाला मागं मत द्यायचं राहिलं म्हणून दंडाची नोटीस आली होती, त्यांच्याकडं मत देणं सक्तीचं. मला कोण दंडसुद्धा करत नाही.

आणि फोनवर अप्पा म्हणतात, "तू नाहीस, मग उन्हात मत द्यायला मी तरी कशाला जाऊ?"

तुमच्याकडं पण असंच का?

अप्पा, अक्काला घेऊन रिक्षानं जा. घरखर्चाचे पाच हजार आणि जाऊन-येऊन रिक्षाचे साठ, मिळून पाठवतोय पाच हजार साठ रुपये.